उन्हाळी वाळवणं आणि बेगमी: यंदा तुमच्याकडे काय काय चाललंय?

सोनचाफा:

एप्रिल संपत आला, ऊन मी म्हणतंय, मुलांच्या परीक्षा आटपल्यात आणि आमच्या पुण्याच्या बिल्डिंगमध्ये गच्चीची किल्ली घराघरांतून फिरायला लागलीये. दर उन्हाळ्यात कोणी ना कोणी विचारतं की कुरडईला पाणी किती, सांडग्यांना डाळ कुठली, आमसुलं चिकट का राहतात, आणि उत्तरं इकडेतिकडे पडून राहतात, पुढच्या वर्षी पुन्हा तेच, म्हणून सगळ्या वाळवणांसाठी हा एकच धागा काढतेय.

मला मनापासून वाटतं की घरात एखादं तरी वाळवण व्हावं, अर्धा किलोचं का होईना. विकत छान मिळतं, बचत गटातल्या बायका फार निगुतीनं करतात आणि उडदाचे पापड मी त्यांच्याकडूनच घेते, पण चीक शिजला हे कशावरून ओळखायचं, लाटी किती घट्ट हवी, मिरची किती वाळली की तळताना कुरकुरीत होते हे पाकिटातून येत नाही, ते करणाऱ्याच्या शेजारी बसूनच कळतं. आमच्या सासूबाईंना प्रमाण विचारलं की त्या "अंदाजानं" म्हणतात, मग त्या जे घालतात ते मी आधी वाटीत घेऊन मोजते आणि वहीत लिहिते. इथेही तसंच लिहूया, मोजून, आणि नजरेच्या खुणांसकट.

माझ्यापासून सुरुवात. कुरडया. आम्ही लोकवन गहू घेतो, धुऊन तीन दिवस भिजत ठेवायचा आणि पाणी रोज बदलायचं, कंटाळा केला तर वास धरतो आणि कुरडई आंबट लागते. दाणा बोटात दाबला की पांढरा चीक सुटतो, तो झाला तयार. मग पाणी घालून मिक्सरवर वाटायचा पण फार बारीक नाही, कोंडा चिकात उतरला की रंग मळकट येतो. आधी चाळणीतून, मग पातळ फडक्यातून गाळायचा आणि पातेलं रात्रभर न हलवता ठेवायचं. सकाळी वर पिवळसर पाणी आलेलं असतं, ते हळूच ओतून टाकायचं, तळाशी घट्ट पांढरा चीक बसतो. आता जेवढ्या वाट्या चीक तेवढ्याच वाट्या पाणी जाड बुडाच्या पातेल्यात उकळायचं, त्यात मीठ आणि हिंग, आणि खळखळून उकळी आली की एकानं चिकाची धार धरायची आणि दुसऱ्यानं लाकडी दांड्यानं हाटत राहायचं. हे एकट्याचं काम नाहीच. आमच्याकडे दांडा नवऱ्याच्या हातात असतो कारण शेवटी शेवटी खांदा भरून येतो. पांढरेपणा जाऊन चीक चकचकीत, काचेसारखा दिसायला लागला आणि ओलं बोट लावलं तरी चिकटला नाही की शिजला, मग झाकण ठेवून बारीक गॅसवर एक दणदणीत वाफ. सोऱ्यात गरम असतानाच भरायचा, गार झाला की दाबता दाबवत नाही आणि तार तुटते.

गच्चीवर पोचायच्या आधी घरातल्या प्रत्येकाला वाटीभर गरम चीक, कोणाला दूध-साखर घालून, कोणाला तेल-तिखट. माझी धाकटी एरवी आठशिवाय उठत नाही, त्या दिवशी चिकासाठी पहाटे पातेल्याजवळ हजर असते.

राहिलेला चोथा टाकू नका, त्यात मीठ, तिखट, जिरं, तीळ घालून शिजवला की भुसवड्या होतात, तळून काय भाजूनही छान लागतात.

आता तुमच्या गावाकडचं लिहा. प्रमाणासकट!

मीनू_मुंबईकर:

किती वर्षांनी कोणीतरी चिकाचं नाव काढलं! आजी डोंबिवलीच्या चाळीत करायची, आम्ही सगळी पोरं कावळे हाकायला. आता मी मुंबईत वनबीएचकेमध्ये, गच्चीला कुलूप, आणि गॅलरीत सकाळी दोन-तीन तास ऊन येतं की गेलं. शिवाय इथे हवा इतकी दमट असते की कपडेच धड वाळत नाहीत. मला खरंच मुलाला काहीतरी करून दाखवायचंय, सात वर्षांचा आहे, पीठ दिसलं की हात घालतो. एवढ्याशा उन्हात काय होईल ते सांगा ना कोणीतरी.

खानदेशी_लेक:

सोनचाफाताई, धागा काढला ते फार बरं केलं. आमच्या जळगावकडे उन्हाळा म्हणजे बिबडे आणि नागलीचे पापड. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गौराईची गाणी होतात, आणि त्याच दिवसांत माहेरी आलेल्या हातांचा फायदा घेऊन मोठमाय खाटांवर खाटा भरून बिबडे घालून घेते. माहेरपणाला आलेल्या लेकीला कामाला लावलं असं कोणी म्हणत नाही कारण अर्धे बिबडे ओलेच पोटात जातात.

बिबड्याची ज्वारी आधी पाण्याचा हात लावून कांडायची, कोंडा पाखडून काढायचा, मग तीन दिवस भिजवायची, निथळून थोडी सुकवून जाडसर दळायची. रात्री ते पीठ पाण्यात कालवून ठेवलं की सकाळपर्यंत छान आंबतं. पहाटे मोठ्या पातेल्यात पाणी उकळून त्यात तीळ, जिरं, मीठ, वाटलेला लसूण आणि मिरची, मग पीठ सोडायचं आणि हाटायचं. गोळा घट्ट आणि चमकदार झाला की ओल्या धोतरावर किंवा जुन्या सुती साडीवर ओल्या हातानं थापायचे, भाकरीपेक्षा लहान आणि जितके पातळ जमतील तितके. सूर्य डोक्यावर यायच्या आत शेवटचा बिबडा पडला पाहिजे, नाहीतर एका बाजूनं वाळून वर वळतात. संध्याकाळी कापड उलटं करून मागून पाणी शिंपडायचं, दोन मिनिटांत बिबडा अलगद सुटतो, ओढून काढू नका, चिरतात. दुसऱ्या दिवशी दुसरी बाजू उन्हात.

ओला बिबडा, वर कच्चं शेंगदाण्याचं तेल आणि सोबत मूठभर शेंगदाणे. याच्यापुढे मला बाकी काही सुचत नाही.

अबोली:

थोडं वेगळं लिहिते, राग मानू नका. मला लहानपणीचे वाळवणाचे दिवस आठवतात ते आईच्या भाजलेल्या हातांसकट. आम्हा मुलांना सुट्टी होती, आईला नव्हती. पहाटे चारला उठून चीक, दुपारी टळटळीत उन्हात कुरडया पालथ्या घालायच्या, परत रात्री सगळ्यांचा स्वयंपाक, आणि मग वर्षभर पाहुण्यांना डबे भरून द्यायचे त्यातही तिचाच जीव जायचा की कमी पडू नयेत. हेच काम बाहेर केलं की त्याला पैसे मिळतात. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला घेतले त्यातून लिज्जत उभं राहिलं. तिथे लाटणाऱ्या बाईला तिच्या लाटण्याचा मोबदला मिळतो आणि ती सभासद म्हणून मालकही असते. म्हणून मी सगळं विकत घेते, आवर्जून बायकांच्या गटाकडूनच घेते, आणि त्याबद्दल मला जराही वाईट वाटत नाही. आठवणी गोड आहेत पण कोणाच्या जिवावर तेही लिहिलं जावं.

सोनचाफा:

अबोली, राग कसला, तू लिहिलंस ते बरंच झालं. माझ्या आईचंही हेच होतं. म्हणूनच मी अर्धा किलोचं म्हटलं, वर्षाचे डबे भरायचा अट्टहास नकोच. वर्षभराचं लागणारं गटाकडून घ्यावं आणि घरी एकच वाळवण, एका रविवारी, आणि त्यात घरातल्या प्रत्येकाचं नेमून दिलेलं काम. आमच्याकडे हाटायचं काम नवऱ्याचं, सोऱ्या थोरल्या मुलाचा, प्लास्टिक पुसून अंथरणं आणि राखण सासऱ्यांची, सासूबाई खुर्चीवर बसून फक्त "झालं" किंवा "अजून एक वाफ" एवढंच सांगतात. त्या दिवशी जेवायला पिठलं-भात, आणि तो सुद्धा मी करत नाही. ज्या घरात हे एकट्या बाईवर पडणार असेल तिथे करूच नये, माझंही हेच मत आहे.

तळकोकणी:

मी सिंधुदुर्गातला, त्यामुळे गहू-ज्वारी आमच्याकडे नाही, आमचं वाळवण झाडावरून येतं. सध्या रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, लाल व्हायला लागलेत आणि दारात सोलांची गडबड सुरू आहे. धाग्यात आमसुलं चिकट राहतात असा उल्लेख आलाय म्हणून नीट लिहितो.

फळ पूर्ण पिकलेलं, गडद लाल पाहिजे, पण झाडाखाली फुटून पडलेलं नको. धुऊन पुसून दोन भाग करायचे, गर आणि बिया एका भांड्यात, साली दुसरीकडे. बियांच्या गराला मीठ लावून ठेवलं की रस सुटतो, तेच आगळ. साली पहिल्या दिवशी नुसत्या उन्हात टाकायच्या, रात्री त्या आगळात बुडवून ठेवायच्या, सकाळी निथळून पुन्हा उन्हात. असं पाच-सात वेळा करावं लागतं, प्रत्येक पुटाला साल काळपट आणि मऊ होत जाते. ज्यांची सोलं कडक आणि फिकट राहतात त्यांनी पुटं कमी दिलेली असतात, आणि ज्यांची फार चिकट किंवा ओली राहतात त्यांचं शेवटच्या पुटानंतरचं ऊन अपुरं पडलेलं असतं. आमच्याकडे मे महिन्यात हवा दमट असते त्यामुळे शेवटचं वाळवणं घाईत उरकून चालत नाही, आणि मृगाच्या आत डबे भरले गेलेच पाहिजेत, हा सगळा खेळ त्या तारखेशी आहे. काचेची किंवा चिनी मातीची बरणी, स्टीलचा डबासुद्धा नको, मीठ आणि आंबटपणा धातूला खातो.

बिया फेकायच्या नाहीत. धुऊन, वाळवून, फोडून आतला मगज वाटून पाण्यात उकळला की वर तेल येतं, ते गार झालं की आपोआप घट्ट बसतं, आवशी त्याचे मुठीत मावतील असे गोळे वळून ठेवायची. पायाच्या भेगांना पावसाळाभर तेच.

फणसपोळीला बरका फणस, काप्याचा रस निघत नाही. गरे चाळणीवर चोळून रस काढायचा, थोडी साखर, ताटाला तुपाचा हात लावून पातळ थर पसरायचा, वाळला की त्यावर दुसरा. आणि आठळ्या! घरातल्या पोरांचं काम म्हणजे आठळ्या धुऊन सुकवून मातीत किंवा राखेत पुरून ठेवणं, मग जुलैत धो धो पाऊस असताना उकरून काढायच्या आणि मीठ घालून उकडायच्या किंवा चुलीत भाजायच्या. माझा मुलगा या मे महिन्यात पहिल्यांदाच त्यात हात घालतोय, त्याचा आजोबा त्याला शिकवतोय, मी मधे पडत नाही.

मीनू, अमृत कोकम कर. रातांब्याच्या अर्ध्या वाट्यांत साखर गच्च भरायची, बरणीत एकावर एक रचायच्या, तोंडाला फडकं बांधून बरणी गॅलरीतल्या उन्हात. साखर विरघळली की गाळून घ्यायचं. कमी उन्हातही होतं, एकदोन दिवस जास्त लागतील इतकंच. रातांबे तुझ्याकडच्या बाजारात मे महिन्यात नक्की येतात.

मीनू_मुंबईकर:

अमृत कोकम! हे जमेल, बरणीत काहीतरी होताना रोज बघायला मुलाला पण आवडेल. धन्यवाद दादा.

प्रयोगशाळेतून:

मी फूड टेक्नॉलॉजीत काम करतो, वरच्या सगळ्या खुणा वाचून मजा आली कारण प्रत्येकीच्या मागे कारण आहे. गव्हाच्या चिकात मुख्यतः स्टार्च असतो. पाण्यात तापवताना साधारण साठ अंशांच्या आसपास त्याचे कण पाणी पिऊन फुगायला लागतात आणि शेवटी फुटून एकजीव होतात, म्हणून पांढरा रंग जाऊन काचेसारखी चमक येते. चीक अर्धवट शिजला तर कण न फुटलेले राहतात, आणि मग वाळताना कुरडईचे तुकडे पडतात किंवा तळताना फुलत नाही. थोडीशी ओल वाळलेल्या कुरडईत राहिलेलीच असते, कडक तेलात तिची क्षणात वाफ होते आणि तीच कुरडई फुलवते. तेल कोमट असेल तर वाफ हळूहळू निघून जाते आणि कुरडई तेल पिऊन बसते.

बटाट्याच्या किसाबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून एक सांगतो. कोल्ड स्टोरेजमधला बटाटा गार हवेत ठेवल्यामुळे गोडसर होतो आणि ती साखर तळताना लाल-तपकिरी रंग देते, म्हणून कीस आणि वेफर्स नव्या बटाट्याचे, होळीच्या सुमाराला. आता उशीर झालाय. ज्यांना तरी करायचेत त्यांनी किसून दोन-तीन पाण्यांतून धुवा आणि उकळत्या मीठपाण्यात थोडीशी तुरटी फिरवून दोन मिनिटं ठेवून मगच वाळवा.

आणि वाळवणाला नुसतं ऊन पुरत नाही, वारा पाहिजे. मीनू, गॅलरीत ऊन कमी असेल तर जाळीच्या ट्रेवर पातळ थर करा आणि बाकी वेळ घरात पंख्याखाली ठेवा. साबुदाण्याच्या चिकवड्या आणि बारीक सांडगे असे सहज वाळतात. दिवसभर कोपऱ्यात कोंदून ठेवलेल्या जाड पापडीला मात्र बुरशी येणारच.

वऱ्हाडी_पाटा:

आमच्या अमरावतीकडे ऊन विचारूच नका बाप्पा, सकाळी टाकलेल्या मुंगवड्या संध्याकाळी खडखडीत. मुगाची डाळ रात्री भिजवायची, सकाळी पाणी न घालता पाट्यावर जाडीभरडी वाटायची, आलं, लसूण, हिरवी मिरची, जिरं, कोथिंबीर, आणि कोहळं किसून पिळून. पिठात पाणी राहिलं तर वडी पसरते. चिमटीनं सुपारीएवढ्या टाकायच्या. पावसाळ्यात भाजीवाला आला नाही की तेलात परतून, कांदा-टमाटर घालून मुंगवडीचा रस्सा, त्याच्यासोबत भाकर.

पण खरी गंमत सरगुंड्यांची. कणीक घट्ट भिजवायची, तिची बारीक लांब दोरी वळत जायची आणि सरीच्या काडीवर गोल गोल गुंडाळायची, मग काडीवरून अलगद सरकवून वाळत टाकायची, स्प्रिंगसारखी दिसतात. उकडून आमरसासोबत. माझी आई आणि दोन्ही मावश्या सरगुंडे करायला बसल्या की तोंड आणि हात एकाच वेगानं चालतात, सगळ्या गोतावळ्याच्या बातम्या मला तिथेच कळतात. यंदा मी भाचीला काडी धरायला शिकवून राहिली, पहिल्या दिवशी तिची दोरी सारखी तुटत होती, आता आईपेक्षा बारीक वळते.

आणि लोणच्याचं काय? आमच्याकडे मोठं लोणचं पहिला पाऊस पडून गेल्यावरच, कैरी भरते, कोय टणक होते. आत्तापासून बरण्या भरणाऱ्यांचं मला समजत नाही.

तळकोकणी:

पाऊस पडल्यावर आमच्याकडे कैरी उरतेच कुठे, आणि त्या ओलसर हवेत फोडी पुसायच्या कशा? आमचं लोणचं मे महिन्यात, कोय धरली की, आणि शक्यतो रायवळ आंब्याचं, हापूसच्या कैरीत तो आंबटपणा नाही. फोडी हळद-मिठात रात्रभर, सुटलेलं पाणी बाजूला, फोडी थोड्या सुकवून मग मसाला आणि गार केलेली फोडणी. आंबोशी आणि खारातली कैरी तर एप्रिलातच होतात.

सोनचाफा:

दोन्ही बरोबर आहे हो, तुमच्याकडे जूनमध्ये भिंतींना पाणी सुटतं आणि विदर्भात मृगाचा पाऊस येऊनही मधे चांगली उघडीप असते. पुण्यात आम्ही दोन्ही करतो, मेमध्ये थोडं तक्कू-छुंद्याचं आणि मोठी बरणी पहिल्या पावसानंतर, बाजारात फोडून देणारे अडकित्ते घेऊन बसतात तेव्हा.

दर्याकाठी:

आमच्या अलिबागकडच्या आगोटीचं कोणी लिहिलं नाही, मी लिहिते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, समुद्र खवळलेला, त्यामुळे मे संपायच्या आत घरात सुकी मासळी भरून ठेवायची, तिलाच आगोटीचा बाजार म्हणतात. बोंबील बांबूच्या मांडवावर जोडीजोडीनं तोंडात तोंड अडकवून वाळत घालतात, जवळा आणि सोडे खाली पसरून. घेताना बोंबील वाकवून बघायचा, कट्कन मोडला तर वाळलेला, वाकला तर नको. जवळा हातात घेऊन सोडायचा, मोकळा पडला पाहिजे आणि रेती लागता कामा नये. घरी आणून पुन्हा दोन कडक उन्हं द्यायची, बोंबलांची डोकी-शेपट्या काढून तुकडे करून डब्यात. हे काम माझे वडील करतात, अंगणात मांजरांशी भांडत, आणि नातवंडं मांजरांच्या बाजूनं.

धावदोरा:

सगळ्या मुलींनो आणि मुलांनो, फार छान लिहिताय. मी आता सत्तरीची, साताऱ्याची, शाळेत शिवण शिकवत होते. मीनू, तू उन्हावर अडून राहू नकोस गं, वळवटाला, म्हणजे खिरीसाठी हातानं वळलेल्या गव्हले-नखुल्यांना, ऊन लागतच नाही, ते सावलीतच वाळवायचं, उन्हात घातलं तर तडकतं. आणि सात वर्षांच्या मुलाच्या बोटांना त्याच्याइतकं चांगलं काम नाही.

बारीक रवा पाण्यात घट्ट भिजवून झाकून ठेव, दोनेक तासांनी चांगला कुटून किंवा मळून मऊ कर. हाताला तुपाचं बोट. चिमूटभर पिठाची बारीक लोळी अंगठा आणि पहिल्या बोटात धरायची, एक फिरकी दिली की गव्हाएवढा दाणा तुटून पडतो, दोन्ही टोकं निमुळती, तो गव्हला. छोटीशी गोळी नखानं दाबून ओढली की नखुली, नव्या स्वच्छ फणीवर दाबून फिरवली की पाठीवर रेघा उमटतात ती फणोली. मालत्या आणि बोटव्या नंतर शिकव, त्यांना जरा सवय लागते. सुपात पातळ पसरून दोन-तीन दिवस घरातच वाळव, मधून मधून हलवायचं. पूर्वी लग्न ठरलं की मुहूर्तानं सवाष्णी गव्हले करायला बसायच्या, रुखवतात ताटात नक्षी काढून मांडायच्या, आता तेवढे नको, वाटीभर झाले तरी एका खिरीचे होतात. खीर करताना तुपावर गुलाबीसर परतून आधी थोड्या पाण्यात शिजवून घे, मग दूध घाल, थेट दुधात टाकले तर आत कच्चे राहतात.

दुसरं म्हणजे गोधडी. दुपारी वाळवणाची राखण करत बसायचं असतं तेव्हा हात रिकामे का ठेवायचे, आम्ही मे महिन्यात सावलीत गोधडी टाकायचो आणि पावसाळ्याच्या तोंडाशी ती पूर्ण व्हायची. फक्त सुती कापड घ्या, जुनी लुगडी, धोतरं, पंचे, बाळाचे कपडे. सिंथेटिक साडी एकसुद्धा घालू नका, टाका घसरतो आणि अंगाला गरम होते. वरखाली धड असलेली साडी आणि मध्ये विरलेलं सगळं, एकावर एक ताणून अंथरायचं, चारी कडा आत दुमडून आधी मोठे कच्चे टाके. मग कडेपासून धावदोरा घालत चौकोनात चौकोन करत मध्याकडे यायचं, मधून सुरुवात केली तर कापड कडेला गोळा होतं आणि गोधडी चौकोनी राहत नाही. पुढची सुरकुती डाव्या हातानं सारत राहायची. दोऱ्याची गाठ थराच्या आत लपवायची.

माझ्या नातीनं परवा तिच्या बाळपणाच्या झबल्याचं ठिगळ स्वतः कापून लावलं, हत्तीच्या आकाराचं. हत्तीला सोंड जरा आखूड झाली पण टाके सरळ आहेत, मी मोजून बघितलं, एका इंचात सहा!

खानदेशी_लेक:

धावदोरा मावशी, एका इंचात सहा म्हणजे भारीच. गोधडी टाकताना खालच्या थरांत टाका अडकला नाही असं होतं, म्हणजे वरून छान दिसतं आणि पालथी केली की टाके गायब. तुम्ही कशा टाळता?

धावदोरा:

सुई आडवी धरलीस की असं होतं. ती उभी आत घालायची, खालच्या हाताच्या बोटाला टोक लागलं की मग वळवून वर काढायची. खालचा हात सतत गोधडीखाली पाहिजे, आणि बोटाला शिवणाची टोपी. सुरुवातीला एका वेळी तीनच टाके सुईवर घे, पाच-सहा घ्यायला गेलं की मधले वरच्यावर राहतात. थर सुद्धा पाच-सहापेक्षा जास्त नको पहिल्या गोधडीला.

अबोली:

मावशी, गोधडी मी करणार. आईच्या साड्या कपाटात आहेत, देऊन टाकायला मन होत नव्हतं. माझ्या नवऱ्याला शिवण येतं, माझ्यापेक्षा त्याचाच हात चांगला आहे, दोघं मिळून बसतो रविवारी. काठ कापून टाकायचे की ठेवायचे?

धावदोरा:

ठेव की. काठ उसवून चारी बाजूंना पट्टी म्हणून लाव, कड लवकर झिजत नाही. जरीचे असतील तर मात्र काढ, टोचतात, आणि धुतल्यावर आक्रसतात.

मीनू_मुंबईकर:

गव्हले सुरू झाले आमचे! मुलाला नखुल्या जास्त आवडतात, त्याच्या नखाएवढ्या छोट्या होतात. नवरा ऑफिसचा कॉल म्यूट करून फणोल्या करतोय. एक शंका, वाळल्यावर डब्यात भरून ठेवले तर पावसात किडे नाही ना होणार? आणि सोनचाफाताई, कुरडया तुम्ही कशा ठेवता?

सोनचाफा:

गव्हला दाताखाली धरून बघ, कट्कन मोडला पाहिजे, जरा जरी चिवट वाटला तर अजून एक दिवस पंख्याखाली. कोरड्या काचेच्या बरणीत भर आणि हात न घालता कोरड्या चमच्यानं काढ. तुझ्याकडे हवा दमट आहे तर बरणी फ्रिजमध्ये ठेवलीस तरी चालेल.

कुरडया उन्हातून आणल्या की लगेच डब्यात भरत नाही, आत गरमी कोंडते आणि झाकणाला आतून पाणी सुटतं, रात्रभर घरात गार करून सकाळी भरते. मोठा पत्र्याचा डबा, तळाशी आणि वर कोरडं सुती फडकं, आणि रोजच्या वापराला वेगळा छोटा डबा. मोठा डबा जून ते सप्टेंबर पावसाच्या दिवशी उघडायचाच नाही, उघडीप असेल त्या दुपारी छोटा भरून घ्यायचा. गणपती झाले की एकदा सगळ्यांना ऊन दाखवायचं.

वऱ्हाडी_पाटा, मुंगवड्यांना एक किलो डाळीला कोहळं किती घालतेस ते लिही, सासूबाई विचारतायत.

वऱ्हाडी_पाटा:

किसून पिळल्यावर पाव किलो भरेल इतकं घे. पिळलेलं पाणी फेकू नको, वाटताना मिक्सर अडला तर त्यातलंच चमचा-चमचा घालायचं. आणि मीठ वड्या टाकायच्या अगदी आधी, आधी घातलं की पीठ सैल होते.